कडेवरची जागा

त्या सकाळी मायचं दूध कडू लागलं. बाळ्यानं तोंड मागं घेतलं, ओठ चाटले, तर ओठही कडू. त्यानं वर पाहिलं. माय तीच होती. कपाळावरचं हिरवं गोंदण तेच, मोगऱ्याचा आणि घामाचा वास तोच. मग त्यानं दुसऱ्या बाजूला तोंड नेलं. तिथंही वाटलेल्या कडुनिंबाचा तोच हिरवा, जिभेला पीळ घालणारा कडूपणा. त्याला लगेच रडू आलं नाही. रडण्याच्या आधी एक जागा असते, तिथं माणूस नुसता थांबतो आणि हे खरंच आपल्याच बाबतीत घडतं आहे का ते पाहतो. त्या जागी तो थांबला. मायनं पदर ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. "सरलं आता," ती म्हणाली. "आता नाई भेटत." शब्द त्याला कळले नाहीत. पण आपल्याकडे असायचं ते तोंड भिंतीकडे आहे, एवढं कळलं, आणि मग तो रडला.

दीड वर्षाचा होत आला होता तो. नाव देवीदास ठेवलं होतं, पण ते बारशापुरतंच. सगळ्यांचा तो बाळ्या. बाप शालिकराम अमरावतीच्या बाहेर, बडनेऱ्याच्या रस्त्याला, दुसऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यावर फुलं पिकवायचा. दिवस उजाडायच्या आत टोपलं सायकलला बांधून अंबादेवीच्या देवळाकडे जायचा आणि ऊन तापल्यावर परतायचा. माय, म्हणजे जयवंता, फुलं तोडायची, हार ओवायची, विहिरीचं पाणी वाफ्यांना धरायची, आणि या सगळ्याच्या मधे दोन लेकरं. थोरली कुंदा, चार वर्षांची. धाकटा हा. त्याला ठाऊक असलेलं जग मायच्या कडेवरून दिसणारं होतं. तिथून झेंडूचे वाफे म्हणजे पिवळं लुगडं वाळत घातल्यासारखे दिसत, कोंबड्या लहान होत, आणि कुणीही आलं तरी त्याचं तोंड आपल्या तोंडासमोर येई. जमिनीवर उतरवलं की सगळं बदले. माणसांचे नुसते पाय होत, कोंबडीला चोच येई, ढेकळं टोचत. म्हणून जमिनीवर ठेवलं की तो दोन्ही हात वर करी, आणि हात वर केले की माय वाके. हा त्याचा आणि जगाचा ठराव होता. तो कधीपासून मोडायला लागला हे त्याला सांगता आलं नसतं. मागच्या पावसाळ्यात घरात एक वेगळा वास आला होता, ओल्या घोंगडीचा आणि औषधाचा. त्याला कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवलं होतं. आणि परत आणलं तेव्हा त्याच्या जागेवर कुंदा बसलेली होती. पळणारी, त्याला फरफटत नेणारी, त्याच्या तोंडात चिंचा कोंबणारी कुंदा कडेवर, आणि तिचा एक पाय लोंबतो आहे, दोरी सुटलेल्या बादलीसारखा.

लकवा म्हणाले लोक. दवाखान्यातल्या डॉक्टरनं पोलिओ म्हटलं, आणि यावर औषध नाही म्हटलं. पण पाय गरम कपड्यानं शेका, रोज हलवा, हलवत राहा. त्यात जीव किती उरला ते वर्षभरानं कळेल, असंही तो म्हणाला. बाकीच्यांनी पहिलं वाक्य ऐकलं होतं. जयवंतानं दुसरं ऐकलं.

तेव्हापासून सकाळ अशी होई. आधी बाळ्याची आंघोळ. माय दगडावर पाय लांब करून बसे, तिच्या नडग्यांवर तो पालथा. पाठीवर तेलाचा हात खालून वर जाई, वरून खाली येई, दंड चोळले जात, मान, कानामागं, बोटांच्या बेचक्या. मग उलथं करून पोट. मग कोमट पाण्याची धार, जिच्यात श्वास अडके आणि जग क्षणभर नाहीसं होई. मग पदराखाली अंधार, आणि दूध. पूर्वी या अंधाराला शेवट नव्हता. आता मायचा पाय हलायला लागे. ती त्याला पाजता पाजताच चुलीकडे पाहत असे, कारण चुलीवर कुंदाच्या पायाचं पाणी उकळत असे. त्या पाण्यात घोंगडीचे तुकडे बुडवून, पिळून, हात भाजत ती ते पायाला गुंडाळी. मग तेल. मग तो पाय ती आपल्या तळहातावर घेई, आणि तिचा आवाज बदले. बाळ्याशी बोलताना तिचा आवाज गोल असे. पायाशी बोलताना तो सरळ असे.

"दाब. माह्या हातावर दाब."

"दाबून राहिली वं माय."

"नाई. तू नुसते दात दाबून राहिली. पायानं दाब."

कुंदा रडे, मायला वेडंवाकडं बोले, कधी चावे. माय हात काढत नसे. बाळ्या मातीत बसून पाही. त्याला वाटे, हा पायच कुणीतरी आहे. कुंदाहून वेगळा, तिसरा, न बोलणारा, सगळ्यांत लाडका. एकदा त्यानं जाऊन त्या पायाला चापट मारली होती. पाय काहीच म्हणाला नाही. कुंदा हसली होती आणि माय रडली होती, आणि हे उलटं कसं झालं ते त्याला कळलं नव्हतं.

केशरबाई आली ती त्या कडू सकाळच्या थोडी आधी. शालिकरामची थोरली बहीण, अकोल्याला दिलेली. तिचा नवरा देवराव भाजीबाजारात बसायचा. तिला लेकरू नव्हतं. तिचा आवाज मोठा, हात मऊ, आणि अंगाला कापराचा वास. तिनं बाळ्याला मांडीवर घेतलं, तेव्हा त्यानं तिच्या गळ्यातली पोत तोंडात घातली, आणि तिनं ती घालू दिली.

"मले दे याले," ती म्हणाली. "पोट्टीचा पाय होतवर. इकडे तू तिच्या पायाले लागली, तिकडे हा मातीत लोळून राहिला. तुहे हात दोनच हायत, जयवंता."

"बाई बरोबर म्हणून राहिली," शालिकराम म्हणाला, पण बायकोकडे न पाहता. तो विडीची राख झटकत होता, विडी विझली होती तरी.

आधी कुणी असं म्हटलं असतं, तर जयवंतानं त्याला उंबऱ्याबाहेर बोळवलं असतं. पण मधे विहिरीचं झालं होतं. त्या दिवशी शालिकरामनं बांधलेल्या दोन आडव्या बांबूंच्या मधे कुंदा उभी होती, आणि तिच्या पायानं पहिल्यांदा भार घेतला होता, एका श्वासापुरता. माय गुडघ्यांवर बसून त्या पायाकडे पाहत होती, सगळी त्या पायात गेली होती. बाळ्या नुकताच धरून धरून चालायला लागला होता, आणि धरायला काही नसलं की रांगायचा. तो रांगत विहिरीपर्यंत गेला. विहिरीला कठडा नव्हता. जमीन संपली आणि खाली एक गोल, काळा, थंड उजेड लागला, त्यात एक तोंड. ते तोंड त्याच्याकडे पाहून हसलं. त्यानं दोन्ही हात पुढं केले, आणि मागून कुणीतरी त्याचा घोटा पकडला. माय ओरडली नाही. तिनं त्याला ओढलं, उराशी दाबलं, मग पाठीत एक रट्टा घातला, मग पुन्हा दाबलं. तिच्या छातीत काहीतरी धावत होतं, ते त्याच्या गालाला लागत होतं. तिकडे बांबूंच्या मधे कुंदा पडून रडत होती. आणि माय मधोमध उभी, एकीकडे जाता येईना, दुसरीकडे जाता येईना, अशी, उन्हात. त्या उभं राहण्यातून ती अजून बाहेर आली नव्हती. म्हणून तिनं केशरबाईला नाही म्हटलं नाही, आणि दुसऱ्या सकाळी तिनं पाटा मांडून कडुनिंबाचा पाला वाटला.

आगगाडीत बाळ्या केशरबाईच्या मांडीवर होता. खिडकीतून झाडं पळत होती, मूर्तिजापूरला कुणीतरी त्याला बर्फाचा तुकडा चाटवला, आणि हे सगळं त्याला आवडलं, कारण हे सगळं मायला दाखवायचं होतं. अकोल्याचं घर बाजारामागच्या गल्लीत होतं. अंधारं, थंड, कांद्याच्या वासाचं. तिथं त्याच्या पायात चाळ घातले गेले. त्याच्यासाठी शिरा केला गेला, दूधभात, शेवया, मऊ मऊ पेढे. केशरबाई घास घेऊन त्याच्यामागं फिरे, "हा चिऊचा, हा काऊचा" म्हणे. त्यानं तोंड मिटून घेतलं. रडला नाही. रडला असता तर केशरबाईला काहीतरी करता आलं असतं. तो नुसता ओठ मिटून तिच्याकडे पाही, चमचा आला की मान फिरवी, आणि चाळ वाजवत निघून जाई. कारण त्याला काम होतं. माय नेहमीच कशाच्या तरी मागं असे, हे त्याला ठाऊक होतं. झेंडूच्या वाफ्यामागं, वाळत घातलेल्या लुगड्यामागं, धुरामागं. आपण गेलं की ती निघे. इथंही ती कशाच्या तरी मागं असणार. तो धान्याच्या कोठीमागं पाही. मोरीच्या दारामागं पाही. देवरावच्या रिकाम्या टोपल्या एकावर एक ठेवलेल्या असत, त्या ओढून पाही. या शोधण्यात तो धरायचं विसरला. भिंत सोडून, खाट सोडून, मोकळ्या अंगणातून तो चालायला लागला, आणि केशरबाईनं टाळ्या वाजवून शेजारणींना बोलावलं, "चालला वं! माह्या घरी चालला!" त्यानं टाळ्यांकडे पाहिलं नाही. टोपल्यांच्या मागं कुणी नव्हतं.

मग त्याचं शोधणं कमी झालं. अंग गरम राहायला लागलं. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडे. पाणी घेई, पेजेचं एखादं बोट चाटे, पुन्हा ओठ मिटी. केशरबाईनं दृष्ट काढली. वैद्याचा काढा पाजला, तो त्यानं उलटून टाकला. दुपारी देवराव बाजारातून आला, तेव्हा ती चुलीपाशी बसून होती, पुढ्यातला दूधभात तसाच.

"माह्या हातचं काय जहर लागते याले?" ती म्हणाली. "काहून असं करते हे लेकरू? म्या काय कमी केलं?"

"तू काई कमी नाई केलं," देवराव म्हणाला. तो कमी बोलणारा माणूस होता. "त्याले त्याची माय पायजे. तू माय नाई त्याची, एवढंच."

हे त्यानं वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं, पण केशरबाईनं पुढ्यातला दूधभात दूर सारला. मग स्वतःच म्हणाली, "निरोप धाडा." अमरावतीला जाणाऱ्या ओळखीच्या ट्रकवाल्याजवळ देवरावनं निरोप दिला: पोट्टं जेवून नाई राहिलं.

जयवंता आली. शालिकरामची वाट न पाहता, आयुष्यात पहिल्यांदा एकटी आगगाडीत बसून, कडेवर कुंदा, खांद्याला पिशवी. दारात तिची सावली पडली तेव्हा बाळ्या खाटेवर बसलेला होता. आधी त्याला वास आला. मग त्यानं पाहिलं. केशरबाई म्हणाली, "पाह्य रे, कोण आलं!" आणि सगळे थांबले, आता तो धावेल म्हणून.

त्यानं तोंड फिरवलं.

माय खाटेपाशी आली, तिनं हात पुढं केले. तो सरकला. तिनं खांद्याला हात लावला. त्यानं तो झटकला आणि भिंतीला नाक लावलं. हे कुणी त्याला शिकवलं नव्हतं. त्याच्या आत एक घट्ट, गरम गोळा होता, आणि मायला पाहताच तो विरघळायच्या ऐवजी आणखी घट्ट झाला. ती हवी होती. इतकी हवी होती की ती आता आलेली चालत नव्हती. आधी यायला पाहिजे होती. त्या सगळ्या टोपल्यांच्या मागं, एकेकीच्या मागं, तेव्हा असायला पाहिजे होती.

"विसरला वं तुले," केशरबाई म्हणाली. तिच्या आवाजात वाईट वाटणंही होतं आणि थोडं दुसरंही काही.

"विसरला नाई," जयवंता म्हणाली. "रागावला. रागावू द्या."

तिनं त्याला उचललं नाही. पिशवीतून घोंगडीचे तुकडे काढले आणि म्हणाली, "बाई, थोडं पाणी तापवता?" आणि अंगणात भिंतीच्या सावलीत बसून तिनं कुंदाचा पाय मांडीवर घेतला, जणू काही झालंच नव्हतं, जणू ती सकाळ इथंच व्हायची होती. शेकलं, तेल लावलं. तळहात पुढं धरला. कुंदानं दाबलं, आणि या वेळी मायचा हात खरोखरच मागं सरकला, बोटभर. केशरबाईनं ते पाहिलं आणि तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. डॉक्टरनं म्हटलेलं वर्ष अजून पुरं व्हायचं होतं. पुढं त्या पायात जीव आला, पण अर्धाच. लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून, एका अंगाला झुकत, खटखट वाजत कुंदा शाळेत गेली, आणि तिथं तिला जी नावं ठेवली गेली ती ठेवणाऱ्यांना तिनं दगडही मारले. पण त्या दुपारी एवढंच होतं, बोटभर.

बाळ्या कधी खाटेवरून उतरला ते कुणी पाहिलं नाही. तो दारापर्यंत आला. थांबला. मायनं पाहिलं, पण मान वर केली नाही. तो आणखी पुढं आला, तिच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला, तिच्या पाठीला कपाळ लावलं, आणि मग दोन्ही मुठींनी तिला मारायला लागला. मारता मारता त्याला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं, मोठं, कुरूप, नाक गळणारं रडू. माय बसल्या जागी वळली. तिनं त्याला ओढून मांडीवर घेतलं, कुंदाच्या पायाशेजारी. त्यानं तिचा पदर ओढला. तिनं त्याची मूठ धरली. "ते नाई," ती म्हणाली. "ते सरलं. पण मी हाव." आणि केशरबाईनं केलेला दूधभात मागून घेऊन तिनं बोटांनी कुस्करून त्याच्या ओठांना लावला. त्यानं घासाबरोबर तिचं बोटही चावलं, चांगलं जोरानं. तिनं बोट काढलं नाही. तो जेवला.

संध्याकाळची गाडी होती. जयवंता पिशवी बांधायला लागली तेव्हा केशरबाई म्हणाली, "दोघं कशी सांभाळशीन? पुन्हा विहिरीत गेला म्हंजे?"

"विहिरीभोवती बोराटीचं कुंपण घालून आली मी. हे पाहा." तिनं हात पुढं केले, काट्यांनी कोपरापर्यंत ओरखडले होते. "हे आधीच सुचायले पायजे होतं. विहिरीचं भ्याव होतं तर विहीर झाकाव, लेकरू कशाले धाडाव?" मग ती थोडी थांबली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, तुमचं मन मोडाव असं नाई माह्या मनात. तुमीच काहून नाई येत तिकडे? मले हातच पायजेत. तुमचे द्या. लेकरू नोका मांगू, पण हात द्या."

केशरबाई चुलीतली राख उगीच सारखी करत बसली.

स्टेशनावर माणसांचे पाय होते, पेट्या होत्या, कढईतल्या तळणाचा धूर होता. देवरावनं पिशवी घेतली. जयवंताच्या कडेवर कुंदा. बाळ्या केशरबाईच्या कडेवर. त्यानं मायकडे पाहिलं. तिच्या एका कडेवर कुंदा होती आणि दुसरा हात तिला तोलायला लागत होता. कडेवरची जागा भरलेली होती. तो बघत राहिला, आणि मग त्यानं केशरबाईच्या कमरेवरून खाली घसरायला सुरुवात केली.

"अरे, पडशीन!"

"उतरू द्या त्याले," जयवंता म्हणाली. "एक चालीन."

आणि तो चालला. फलाटाची फरशी तापलेली होती. पाय दोन्हीकडून येत होते, मोठे, चपलांचे, बुटांचे, एक बकरी सुद्धा. त्यानं मायच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला. एका हमालाचा धक्का लागून तो बसला. हात वर केले नाहीत. गुडघ्यांवर आला, मग तळहातांवर, मग मागचा भाग वर, आणि उभा. काठ पुन्हा पकडला. मायनं मागं वळून पाहिलं नाही, पण तिचं पाऊल लहान झालं; इतकं लहान की मागून येणारे लोक त्यांना वळसा घालून जाऊ लागले.

डब्याची पायरी त्याच्या छातीएवढी होती. माय कुंदाला घेऊन वर चढली होती. गार्डानं शिट्टी दिली. बाळ्यानं पायरीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. तिचे हात भरलेले. मग तो मागं वळला. मागं केशरबाई उभी होती, पदराचं टोक दातांत धरून. त्यानं दोन्ही हात तिच्याकडे वर केले.

ती वाकली. तिनं त्याला उचललं, पायरीवर पाय ठेवला आणि त्याला आत ठेवायला म्हणून चढली, आणि चढली ती तिथंच उभी राहिली. गाडीला हिसका बसला.

"अवं, उतर!" खालून देवराव ओरडला, पिशवी खिडकीतून आत ढकलत. "गाडी चालली ना!"

"जाऊ द्या!"

"अवं पण तुहं लुगडं? तुही पेटी? तिकीट?"

"धाडून द्या पेटी!" केशरबाई दांडा धरून ओरडली. "तिकिटाचं मी पाहीन! कोठीले कुलूप लावजा, अन् सैपाक शेजारच्या तानुबाईले सांगजा!" देवराव दोन पावलं गाडीबरोबर धावला, मग थांबला. त्यानं हात वर केला, तो रागानं की निरोपाचा हे समजायच्या आत खांबाआड गेला.

जयवंतानं फळीवर सरकून जागा केली. केशरबाई बसली, धापा टाकत, स्वतःवरच दचकल्यासारखी हसत, आणि बाळ्याला खाली ठेवून तिनं कुंदाला आपल्या मांडीवर ओढून घेतलं. कुंदाचा पाय तिच्या लुगड्यावर पडला. तिनं तो थोडा वेळ पाहिला. मग हळूच, कुणाला विचारावं तसं, त्यावर हात ठेवला. "कसा धरते वं तू हा?" ती म्हणाली. "दाखव मले." जयवंता वाकून दाखवायला लागली: टाच अशी, अंगठा असा, जोर इथून. बाळ्या मधल्या फटीत उभा होता, एक हात मायच्या गुडघ्यावर, एक केशरबाईच्या. डबा हलत होता, पण तो पडत नव्हता.